शंभरातली एक जागा

"शंभरच का? एकशे एक का नाहीत?" खळकाकांनी विचारलं, तेव्हा वाचनालयाचे कार्यवाह नुसते हसले. टेबलावर यादी पडली होती, 'वाचायलाच हव्यात अशा शंभर कादंबऱ्या'. वाचनालयाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त या शंभर पुस्तकांना नवी कव्हरं चढणार होती, पाठीवर लाल चिठ्ठी लागणार होती आणि ती दर्शनी कपाटात बसणार होती. जागा व्हावी म्हणून यादीत नसलेल्या फाटक्या कादंबऱ्या रद्दीत जाणार होत्या. यादी केली होती कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या बाईंनी. या बाई म्हणजे खळकाकांचीच मुलगी, तेव्हा काय विचारायचं ते बापाने लेकीलाच विचारावं, असं कार्यवाहांचं म्हणणं पडलं.

खळकाका हे काही खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं मागच्या खोलीत पुस्तकं बांधून त्यांच्या अंगाला चिकटवायच्या खळीचा वास लागला होता, त्यावरून ते पडलं. ते स्वतः कादंबऱ्या वाचत नसत. पण कोणती वाचली जाते, हे त्यांना कडा पाहून कळे. जिथपर्यंत बोटं लागली तिथपर्यंत पानांच्या कडा मळकट, पुढे कोऱ्या. भल्याभल्या सभासदांनी कुठल्या जाडजूड पुस्तकापुढे कितव्या पानावर हात टेकले, याची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. ती त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही.

त्यांचा जीव अडकला होता एका कादंबरीत. त्यांची बायको ती वर्षातून एकदा तरी वाचनालयातून घरी न्यायची. तिला जाऊन चार वर्षं झाली होती, पण इतर बायका अजून ती नेत होत्या. खळकाकांनी ती तीनदा बांधली होती. कडा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारख्याच काळ्या. आता पाठ पुन्हा सुटली होती आणि यादीत तिचं नाव नव्हतं. घरी न्या की, तुम्हाला कोण अडवतंय, असं कार्यवाह म्हणाले. पण घरी ती वाचणार कोण? कपाटात असावी, कुणी मागितली तर मिळावी, एवढंच खळकाकांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विषय काढला.

"आईची ती कादंबरी राहिली वाटतं यादीत."

"राहिली नाही, बाबा. मी घेतली नाही." मुलगी कॉलेजला निघाली होती, पण खांद्यावरची पिशवी काढून ती समोर बसली. "आई ती वाचून रडायची. मीसुद्धा रडलेय. पण दर दोन प्रकरणांना कुणीतरी अचानक भेटतं, नाहीतर अचानक मरतं. चांगली नाहीये ती."

"लोक वाचतात."

"लोक वाचतात म्हणून घालायची, तर यादी हवी कशाला? माझं मत विचारलंय त्यांनी. या शंभरांतलं एकही पुस्तक मी न वाचता घातलेलं नाही, बाबा. तुमच्यासाठी एक घातलं, तर बाकीच्या नव्व्याण्णवांना काय अर्थ राहिला?"

खळकाकांना वाईट वाटलं. पोरगी बापाचीही भीड धरत नाही याचा अभिमानही वाटला, आणि या दोन्हींच्या गडबडीत चहा निवून गेला.

समारंभाच्या आदल्या दिवशी नव्व्याण्णव पुस्तकं तयार होती. उरलं होतं ते यादीतलं पहिलं. कार्यवाहांनी ते जातीने आणून दिलं. पाचशे पानांच्या या कादंबरीवर बाई उद्या बोलणार होत्या, पुस्तक हातात घेऊन त्यातले उतारे वाचणार होत्या. जपून हाताळा, असं त्यांनी बजावलं. बाईंनी सगळीकडे शोधलं होतं, दुसरी प्रत कुठेच नव्हती.

चिठ्ठी लावण्याआधी पानं तपासायची खळकाकांची सवय होती. ऐंशीव्या पानापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे पानं वरच्या बाजूने एकमेकांना जोडलेली निघाली. छापखान्यात ती कापायची राहून गेली होती. पुढेही चार ठिकाणी तसंच. सुरी लावल्याशिवाय ती कुणाला वाचता येण्यासारखी नव्हती. शेवटच्या पानावरच्या देवघेवीच्या तक्त्यात एकच तारीख होती आणि एकच सभासद क्रमांक. तो त्यांना पाठ होता. मुलगी चौथीत असताना त्यांनीच तिला सभासद केलं होतं.

खळकाकांना आधी राग आला, मग लाज वाटली. शंभरातली एक जागा रिकामी होती आणि हे फक्त दोघांना माहीत होतं. ही पानं तिच्यापुढे धरली असती, तर तिने निमूटपणे आईची कादंबरी यादीत घातली असती. तेही त्यांना माहीत होतं.

दुपारी मुलगी स्वतःच आली. दारातच उभी राहिली.

"ते पुस्तक झालं का, बाबा? मला आजच हवं होतं."

"चिठ्ठी ओली आहे. संध्याकाळी घरी घेऊन येतो."

मिटलेल्या पुस्तकावर त्यांचा हात होता. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग टेबलाच्या कोपऱ्यावर पडलेल्या आईच्या कादंबरीकडे.

"रागावला नाहीत ना?"

"नाही गं. तू तुझं मत दिलंस. जा, जेवून घे."

ती गेल्यावर त्यांनी तिच्या आईची कादंबरी उचलली. शिवणीतून सुटलेले पानांचे फर्मे सारखे केले, विखरू नयेत म्हणून दोऱ्याने बांधले आणि बाहेरच्या रद्दीच्या ढिगावर ठेवून आले. वाटेत ते थांबले नाहीत.

मग दार लोटून त्यांनी सुरी घेतली आणि जोडलेली पानं एकेक करून सोडवली. काम सफाईने झालं, पण ऐंशीच्या पुढच्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. उद्या पुढच्या रांगेत बसणाऱ्या कुणाच्याही ते नजरेत भरलं असतं. खळकाकांनी कामाने मळलेला अंगठा एक्याऐंशीव्या पानाच्या कडेवरून फिरवला, पान उलटलं, पुढच्या पानावरून फिरवला. असं शेवटपर्यंत केलं. पाच वाजेपर्यंत पुस्तक वाचल्यासारखं दिसायला लागलं. मग त्यांनी हात धुतले.