दौलत पाटलांचा धाकटा

डॉक्टरांनी दौलत पाटलांना कुशीवर वळवलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "नर्स कुठली ठेवलीय?"

"नर्स न्हाय," धाकटा मुलगा बाळाराम म्हणाला. "मीच करतो."

"लकवा होऊन दीड वर्ष माणूस अंथरुणात, आणि पाठीला एक जखम नाही? शिकवलं कुणी?"

"हॉस्पिटलात यादव म्हणून ब्रदर होते. त्यांचं बघून बघून."

"बारावी झालीय? मग नर्सिंगला जा की. पस्तिशीच्या आत घेतात."

बाळारामनं वडिलांवर चादर ओढली. तो तेहेतीस वर्षांचा होता. काल्हेरला त्यांच्या भातशेतीवर आता गोदामं उभी होती. तिथल्या गेटवर बसून ट्रकांची ये-जा बघणं, एवढंच त्याचं काम. ते कुणीही करू शकलं असतं. आपल्याला एक गोष्ट खरोखर चांगली जमते, हे परक्या माणसाच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तो ठाण्याला जाऊन फॉर्म घेऊन आला.

थोरला भाऊ मनोज भडकला. "गोडाऊनचं मालक आपुन, आन तू लोकांची शी-मुताची भांडी उचलनार?"

"बाबांचं उचलतोच ना?"

"बापाचं येगलं! समाजात काय तोंड दाखवू मी?"

रात्रीची भाकरी वाढताना बायको विनिता एवढंच म्हणाली, "बाबांना जेवढं मन लावून भरवता, तेवढं मन लावून गेटवर कधी बसलात का?"

तरी फॉर्म तसाच पडून राहिला. मनोजच्या रागाचं बाळारामला एवढं काही वाटत नव्हतं. वडिलांना सोडून जाववत नव्हतं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी तो वडिलांच्या खाटेवर बसला. मनोज दारात उभा होता.

"बाबा, मी कॉलेजात गेलो तर तुमचं कोन करील?"

लकव्यानं दौलत पाटलांची जीभ जड झाली होती, डोकं मात्र शाबूत होतं. त्यांनी चांगला हात उचलला आणि दाराकडे बोट केलं. "ह्यो."

मनोज गोरामोरा झाला. "मला न्हाय जमनार, बाबा."

"शिक," दौलत अडखळत म्हणाले. "त्याच्यापासून."

घरात त्यांचा शब्द अजून कुणी मोडला नव्हता. बाळारामनं त्याच दिवशी फॉर्म भरून दिला.

पहिल्या दिवशी चादर बदलताना मनोजच्या हातून वडिलांचा खांदा पिरगळला. ते कळवळले. मनोज मोरीवर जाऊन ओकला. बाळाराम दाराबाहेर मुठी आवळून उभा राहिला, पण आत गेला नाही. "परत जा, दादा," तो म्हणाला. "पानी कोमट घे." आठव्या दिवशी मनोजनं आपणहून विचारलं, "टाचा चादरीला घासतात रे. खाली काय ठेवू?"

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी बाळाराम पांढरा शर्ट घालून पाया पडायला वाकला. दौलत पाटलांनी त्याला तसंच थांबवलं आणि त्याची कॉलर सरळ केली. एका हातानं ते जमायला बराच वेळ लागला. बाळाराम वाकलेलाच राहिला.

बाबांचं सगळं उरकून मनोज गोदामाच्या गेटवर येऊन बसला. नऊच्या सुमारास ट्रक लागला. ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, "छोटे सेठ किधर?"

"कॉलेज गया," मनोज म्हणाला. "नर्स बन रहा है."

ड्रायव्हर हसायच्या बेतात होता. मनोजच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं मुकाट्यानं मालाचे कागद पुढे केले.