लिस्बनमधले बाक

तुळशीदासांना विचारलं गेलं ते फेब्रुवारीत, रात्रीच्या जेवणाला.

"बाबा, मे महिन्यात युरोपला जायचं म्हणतोय," धवल म्हणाला. "पॅरिस आणि आणखी एखादं शहर. तुम्ही येताय ना?"

"छे, छे, मी कशाला? ऐन उन्हाळ्यात वाडीला पाणी कोण सोडणार?"

एवढं बोलून तुळशीदासांनी भातावर आमटी वाढून घेतली आणि वाट पाहिली.

वाट पाहायला कारण होतं. त्यांचा पहिला नकार त्या घरात कधी कोणी मोजलाच नव्हता. चहा घेणार का म्हटलं की ते नको म्हणायचे. त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई मान वरही न करता पुन्हा विचारायच्या, मग ते म्हणायचे, बरं, अर्धा कप. धवलच्या लग्नाच्या वेळचा नवा कोट, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं दुसऱ्या विचारण्यावर झालं होतं. प्रेमलताबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण तुळशीदासांची सवय काही त्यांच्याबरोबर गेली नव्हती.

"तेही खरंच," धवल म्हणाला आणि त्याने लोणच्याची बरणी पुढे ओढली.

त्यांची सून हेमाली म्हणाली, "बाबा, दुसरं शहर तुम्ही सांगा. तुमचं एवढं वाचन आहे."

तुळशीदास चाळीस वर्षं गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. कोणी मत विचारलं की त्यांचे कान लाल व्हायचे. पण या वेळी उत्तर तयार होतं. लहानपणी वसईच्या किल्ल्यात चिंचा पाडायला गेलं की ते समुद्राकडच्या तटावर बसून राहत आणि त्यांच्या मनात येई, एवढा किल्ला बांधणारी ती पोर्तुगीज माणसं परत गेली तरी कुठे?

"लिस्बन," ते म्हणाले.

"आजोबा, भारी!" चौदा वर्षांची उन्नती म्हणाली. "मग लिस्बनचा प्लॅन तुम्हीच करायचा. मी पॅरिसचा करते."

त्या रात्री तुळशीदासांना वाटलं, हेच दुसऱ्यांदा विचारणं असेल. ज्याला न्यायचं नाही त्याच्याकडून कोणी प्लॅन करून घेतं का?

त्यांनी दोनशे पानी वही आणली. मोबाइलच्या नकाशावर बोट सरकवून गल्लीतून चालत कसं जायचं, ते उन्नतीने शिकवलं. मग रोज दुपारी, पंप सुरू केला की ते विहिरीच्या काठावर बसायचे आणि लिस्बनला जायचे. शहर सगळं चढउताराचं. त्यांचा उजवा गुडघा चढावर कुरकुरतो, म्हणून ते नकाशात बाक शोधत. सापडला की वहीत लिहीत: 'इथे दहा मिनिटं बसणे. नदी दिसते.' एका बागेत एवढं पसरलेलं झाड होतं की त्याच्या फांद्यांना खालून लोखंडी मांडव घालून आधार दिला होता, जसा आपण वेलीला देतो तसा, आणि मांडवाखाली बाक. तिथे त्यांनी अर्धा तास लिहिला.

मोगरा खुडायला येणारी जयवंती पाटी उतरवून बघत राहायची.

"दादा, तुमी कदी बसनार इमानात?"

"मी नाही गं. वाडीला पाणी..."

"पानी बळीराम सोडंल की! बाईंच्या आजारपनात दोन म्हयने कोनी सोडलं? माजा नवरा तुमाला आजच दिसला व्हय?" ती हसली. "जायचं नाय तर एवढं कशाला लिवता?"

तुळशीदासांनी वही मिटली. बळीराम त्यांना पहिल्या दिवसापासून आठवत होता.

कपाटात साड्यांच्या घडीखाली दोन पासपोर्ट होते. सहा वर्षांपूर्वी, कुठे ना कुठे जाऊच म्हणून प्रेमलताबाईंनी हट्टाने काढून घेतलेले. एकाचा आता उपयोग नव्हता. दुसऱ्याची पानं कोरी होती.

व्हिसासाठी गुरुवारी मुंबईला जायचं ठरलं. बुधवारी संध्याकाळी हेमाली जेवणाच्या टेबलावर कागद लावत बसली होती. तुळशीदास वही घेऊन आले. दुसरा पासपोर्ट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. ती वही वाचेल, मान वर करून 'बाबा, चला ना' म्हणेल आणि आपण 'बरं' म्हणून तो तिच्या हातात देऊ, इतकं त्यांनी मनात दोनदा करून पाहिलं होतं.

हेमालीने पानं उलटली. "बाबा, किती सुंदर लिहिलंय! पुस्तकच झालं हे." आणखी दोन पानं. मग ती हसली. "पण एवढे बाक कशाला? अहो, हा धवल एका जागी बसतो का? एका दिवसात दोनच ठिकाणं होतील अशानं."

"लिहिलं आपलं," तुळशीदास म्हणाले.

"मी बसायचे वेळ काढून टाकू का?"

"मीच काढतो. खाडाखोड बरी दिसणार नाही."

"खिशात काय आहे, आजोबा?" उन्नतीने कोपऱ्यातून विचारलं.

"काही नाही. जुना कागद."

ते आपल्या खोलीत गेले आणि बाक गाळून सगळा प्लॅन चांगल्या अक्षरात पुन्हा उतरवला. सात पानं झाली. मूळ वही त्यांनी उशाशी ठेवली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं निघाली. हेमालीने डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, जयवंतीला दोन वेळच्या भाकऱ्यांचं सांगितलं होतं. धवलने गाडीत बसता बसता वाकून पाया पडत विचारलं, "काय आणू तुमच्यासाठी?"

"काही नको."

"ठीक आहे," म्हणून त्याने दार लावलं.

पॅरिसहून फोटो आले. मनोऱ्याखाली उन्नती, मनोऱ्यावर उन्नती. तुळशीदासांनी प्रत्येक फोटोला उत्तर म्हणून 'छान' लिहिलं. बोलायला घरात कोणी नव्हतं. जयवंती यायची, फुलांची पाटी घेऊन जायची. लिस्बनच्या दिवशी ते पंप सुरू करून विहिरीच्या काठावर वही उघडून बसले. इथे चार वाजले होते, तिथे साडेअकरा. वहीप्रमाणे आता मांडवाचं झाड.

फोन वाजला. समोर हेमालीचा घामेजलेला चेहरा.

"बाबा, ओळखा कुठे आहोत!" तिने फोन फिरवला. वर लोखंडी जाळी आणि त्यावर टेकलेल्या काळ्या फांद्या. "उन्नतीचे पाय दुखायला लागले, मग बसलोच. धवल तिकीट काढायला गेलाय. इतकं शांत आहे हो इथे." तिने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला. "पलीकडे एक आजोबा बसलेत पेपर वाचत. त्यांना पाहिलं आणि तुमची पहिली वही आठवली. इथे दहा मिनिटं, तिथे पंधरा मिनिटं..." तिचा आवाज खाली आला. "बाबा, ते बाक तुम्ही स्वतःसाठी शोधले होते ना? तुम्हाला यायचं होतं?"

'छे, छे' तुळशीदासांच्या ओठांपर्यंत आलं. पण हे विचारणं कितवं, याचा हिशोब त्यांना या वेळी लागेना.

"हो," ते म्हणाले. "यायचं होतं."

हेमाली बाकावर सरळ होऊन बसली. तिच्यामागे कबुतरं उडाली.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो," ते म्हणाले. "तुम्ही आणखी एकदा विचाराल असं वाटलं."

"मम्मी, पप्पा बोलावतायत, ट्राम आली!" उन्नतीचा आवाज आला. हेमालीने डोळे पुसले की घाम, ते त्यांना नीट दिसलं नाही. "बाबा, मी संध्याकाळी करते फोन. नक्की करते."

"सावकाश करा," तुळशीदास म्हणाले. "ट्राममधून उतरलात की पुढे चढ आहे. उजव्या हाताने जा."

पडदा काळा झाला. केळीच्या शेवटच्या आळ्यातून पाणी बाहेर वाहत होतं. त्यांनी उठून पंप बंद केला. मग परत येऊन विहिरीच्या काठावर बसले. वहीत अर्धा तास लिहिला होता, त्यातली वीस मिनिटं अजून शिल्लक होती.