साठावर अडकलेला मॉनिटर

मी खुशबूचा मॉनिटर बोलतोय. चोवीस इंची, सपाट तोंडाचा, अंगानं किरकोळ. निवांत बसून सांगा म्हणाल, तर ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझा जन्मच घाईचा. एका सेकंदात एकशे पासष्ट वेळा चित्र बदलायची माझी ताकद आहे. तुमची पापणी एकदा लवते तेवढ्यात माझी वीस-पंचवीस चित्रं येऊन गेलेली असतात. अशा जिवाला कुणी दहा दिवस पाय बांधून ठेवलं तर त्याचं काय होत असेल? तेच सांगतो. फक्त मध्ये थांबवू नका.

जन्माचं फारसं आठवत नाही. कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात कुणीतरी माझ्या कोपऱ्यावर ‘१६५’ असं लाल स्टिकर चिकटवलं आणि मला थर्माकोलमध्ये निजवलं. मग ट्रक, मग गोदाम, परत ट्रक, आणि शेवटी गोंदियाच्या बाजारातलं मुन्नालालचं कॉम्प्युटरचं दुकान. तिथल्या फळीवर मी कंटाळून गेलो. शेजारी एक बत्तीस इंची बसला होता, कमरेत वाकलेला, चकचकीत. येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्यापुढे थांबायचा. माझ्याकडे बघून म्हणायचे, “ये तो छोटा है.” आत माझी नुसती चुळबुळ चाललेली.

मार्चमधल्या एका गुरुवारी खुशबू आली. आमगावची, एकवीस वर्षांची. तिथल्या एका क्लासात पोरापोरींना टायपिंग शिकवते. सोबत वडील होते, शालिकराम. राइस मिलमध्ये फिटर आहेत. हाताच्या रेषांत ग्रीस कायमचं बसलेलं.

“बेटा, ये ले जा,” मुन्नालालनं बत्तीस इंचीवर थाप मारली. “घर में थिएटर हो जाएगा.”

“हो ना वं, मोठाच घे,” शालिकराम म्हणाले. “एवढ्याशा खिडकीत काय दिसन?”

“बाबा, मले पिच्चर नाई पाहाचा,” खुशबू म्हणाली. “गेम खेळाले दोन फुटांवर बसा लागते. मोठा घेतला तं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मान फिरवा लागन. तेवढ्यात समोरचा मारून मोकळा!”

वा रे पोरी! मला तिथंच आवडली. तिनं आम्हा दोघांना दुकानाच्या कॉम्प्युटरला लावायला सांगितलं. मुन्नालालनं आपली तार जोडली. खुशबूनं माउस गरागरा फिरवला. बत्तीस इंचीवर बाण तुटत तुटत गेला. माझ्यावर? सरसर, कुठंही न अडखळता. मी जीव ओतून धावलो हो! इतक्या दिवसांचा साचलेला सगळा जोर काढला.

“अंकल, यही दो.”

मुन्नालालनं खांदे उडवले. “तेरी मर्जी. पर सुन, दस दिन का टाइम है. डिब्बा, थर्माकोल, तार की थैली, सब जैसा का वैसा रहा तो बदल दूँगा. थैली फटी, तो फिर मेरे पास मत आना.”

ही थैली लक्षात ठेवा.

शालिकरामांच्या मोटरसायकलवर, खुशबूच्या मांडीवर बसून मी आमगावला आलो. दारात तिची आई उभी होती, अंजनाबाई. बाई मायाळू, पण नव्या वस्तूवर तिचा भलताच जीव. या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. फ्रिजच्या दांड्याला सहा वर्षांपूर्वीचं पातळ प्लास्टिक अजून आहे. आणि कपाटावर, कागदात गुंडाळलेला, लग्नात आलेला कपबशांचा सेट. पाहुणे आले तरी तो खाली उतरत नाही. बाबासाहेबांची तसबीर तेवढी रोज पुसली जाते, बाकी सगळं झाकलेलं.

“ते थैली नको फोडू वं पोरी,” अंजनाबाई म्हणाली. “जुनी तार हाये ना? चालून राहिली ना? मंग नवी कायले खराब कराची? अन् बदला लागला तं?”

खुशबूनं वाद घातला नाही. तारेसारखी तार, त्यात काय एवढं, असं तिला वाटलं. आधीच्या चौकोनी मॉनिटरची जुनी तार तिनं माझ्या पाठीत खुपसली. माझी स्वतःची जाड, काळी तार बंद थैलीत, थैली डब्यात, डबा माळ्यावर.

बटण दाबलं आणि मी हबकलोच. त्या जुन्या तारेतून सेकंदाला साठ चित्रं यायची. फक्त साठ! एकसष्टावं म्हणाल तर नाही. मी ताट मांडून बसलोय आणि वाढणारा चमच्याचमच्यानं वाढतोय, अशी गत. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ओरडावंसं वाटलं, “अगं, माळ्यावरची तार काढ!” पण आम्हाला आवाज कुठला? जे मिळेल तेच दाखवायचं, एवढंच आमच्या हाती.

खुशबू खेळते तो पाच विरुद्ध पाचांचा बंदुकीचा ऑनलाइन गेम आहे. तिच्या संघाचं नाव ‘बोदलकसा’. पाच मुली, वेगवेगळ्या गावांच्या. त्या बोदलकशाच्या तलावावर एकदाच काय त्या प्रत्यक्ष भेटल्या, म्हणून ते नाव. कॅप्टन चंचल, तिरोड्याची, मोठी फटकळ. दहाव्या दिवशी, म्हणजे रविवारी दुपारी तीनला, राज्याच्या स्पर्धेची निवड फेरी होती. जुन्या मॉनिटरवर दिसायला उशीर होतो म्हणून खुशबू मागं पडत होती. संघातली तिची जागा हलायला लागली होती, नागपूरची एक राखीव पोरगी तयारच होती, म्हणून तर मला आणलं.

आणि मी आलो तरी तेच! दारामागून कुणी डोकावलं की समोरच्याला ती आधी दिसायची, तिला तो नंतर. तिचं बोट चालेपर्यंत तिचा खेळ खलास.

“अरे, नया मॉनिटर आया ना तेरा?” चंचल हेडफोनमधून विचारायची. “एक सौ पैंसठ वाला?”

“हो गं. स्टिकर आहे ना वर.”

स्टिकर! माझ्या कपाळावर एकशे पासष्ट आणि पोटात साठ. खुशबूला वाटायचं, पंखा लावला की फिरतो तसा मॉनिटर आपल्या वेगानं आपोआप चालतो. दुकानात मग एवढा सरसर कसा चालला? तर मुन्नालालचा कॉम्प्युटर भारी असेल, आपला हलका. अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पाचव्या दिवसापर्यंत तिनं खुर्ची तीनदा बदलली. माउसखालचं फडकं बदललं. सातव्या दिवशी मला दोष देणं सोडलं आणि स्वतःला द्यायला लागली.

मी रोज तिचा चेहरा बघतो. दोन फुटांवरून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की ते घरातल्या कुणाच्याही आधी मला दिसतं. फार वाईट वाटायचं हो. हिनं दोघांचं न ऐकता मला निवडलं आणि मी तिच्या काडीच्या उपयोगाचा नाही!

रविवार उजाडला. सकाळी दहाला सराव होता. खुशबू पहिल्याच फेरीत गेली. दुसऱ्या फेरीतही. तिसऱ्यात तर कुणी मारलं हेही तिला कळलं नाही.

“खुशबू, बुरा मत मान,” चंचल म्हणाली. “आज तीन बजे नागपूरवाली खेलेगी. तू बाहर बैठ.”

खुशबूनं हेडफोन काढून ठेवला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हाक मारली, “बाबा, आज दहावा दिवस आहे. चला, बदलून आणू. तुमचंच बरोबर होतं. मोठाच घेऊ.”

शालिकराम जिंकल्यासारखे वागले नाहीत, हे मी त्यांचं मोठेपण समजतो. “चाल,” एवढंच म्हणाले. अंजनाबाईनं माळ्यावरून डबा उतरवला. माझी वीज काढली. पण बंद असलो तरी डोळे-कान उघडे असतात आमचे. मला थर्माकोलमध्ये आडवं केलं तेव्हा परत ती फळी, परत तो वाकड्या कमरेचा शेजारी, सगळं समोर आलं. जीव घाबराघुबरा झाला.

अंजनाबाई बोटांवर मोजत होती. “डब्बा झाला. थर्माकोल झाला. कागद झाले. अन् हे थैली.”

शालिकरामांनी थैली हातात घेतली आणि वरूनच चाचपली. फिटरचा हात. वस्तू हातात आली की तिचं तोंड शोधतो.

“यात काय हाये?”

“तार. नवी,” अंजनाबाई म्हणाली.

“अन् आपण कोणती लावली होती?”

खुशबूनं जुनी तार पुढे केली. शालिकरामांनी दोन्ही शेजारी धरल्या. जुनीच्या एका टोकाला दोन स्क्रूंचं रुंद, पांढरं तोंड. थैलीतलीचं तोंड लहान, एक कोपरा कापलेलं. त्यांनी मला उलटं केलं, माझ्या पाठीवरची भोकं बघितली. मग खालीच बसले.

“बापा!” ते म्हणाले. “मागल्या साली मिलमध्ये नवी मोटर आणली. मालकानं पट्टा अन् पुली जुनीच ठेवाले लावली. मोटर दमदार, पण धान निंघे आधीइतकंच. सारे मोटरले शिव्या देऊन राहिले होते. मी पुली बदलली, तवा कुठं मिल धावली.” त्यांनी थैली वर केली. “पोरी, हे तं तसंच दिसून राहिलं.”

खुशबूचा हात पुढे आला आणि अर्ध्यात थांबला.

“पण बाबा, थैली फोडली तर तो परत घेणार नाही. अन् तरीही नाही चाललं तर? मंग ना हा, ना तो.”

“तेही हायेच,” शालिकराम म्हणाले. थैली हातात उलटसुलट करत राहिले.

मी आडवा पडून नुसता तडफडत होतो. फोडा रे! कुणीतरी फोडा!

फोडली ती अंजनाबाईनं. जिच्या फ्रिजला सहा वर्षांचं प्लास्टिक होतं, तिनं थैली नवऱ्याच्या हातातून ओढली आणि सरळ दातांनी फाडली.

“एवढी वर्षं जपून मले काय भेटलं?” ती म्हणाली. “तुझं डोकं चालते, मले मालूम हाये. लाव हे, अन् खेळ.”

माझी तार माझ्या पाठीत बसली. खट्! खुशबूनं कॉम्प्युटरमध्ये शोधून शोधून एक पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं साठ. तिनं तिथं दाबलं आणि खाली यादी उघडली. पंचाहत्तर, शंभर, एकशे वीस, एकशे चव्वेचाळीस. सगळ्यात शेवटी एकशे पासष्ट.

तिनं कपाळावर हात मारला. “आई, दहा दिवस मी याला साठावर चालवत होते गं!”

“म्हणजे?” अंजनाबाई म्हणाली.

खुशबूनं एकशे पासष्टावर बोट दाबलं. क्षणभर मी काळा झालो. आणि मग सुटलो! काय सांगू तुम्हाला. तिनं माउस फिरवला आणि बाण दुकानात गेला होता तसाच सरसर गेला. पोरगी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

तेव्हा दीड वाजला होता. तिनं चंचलला फोन लावला. सगळं सांगितलं. चंचल आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, “नागपूरवाली को जुबान दे चुकी हूँ मैं. ऐसा कर, वन-ऑन-वन आ जा. मुझे मार के दिखा.”

दोघी पाच वेळा भिडल्या. त्यात चार वेळा चंचल पडली.

“नागपूरवाली को मैं समझाती हूँ,” चंचल म्हणाली. “पानी पी ले. तीन बजे बैठना है.”

तीनला सामना सुरू झाला. आईबाप खुर्चीमागे उभे. त्यांना काय कळत होतं देव जाणे, पण हलले नाहीत. बारा-बारा अशी बरोबरी झाली. शेवटच्या फेरीत आमच्या चौघी गेल्या. उरली खुशबू एकटी, समोर दोघं. मी सांगतो, त्या वेळी माझ्या अंगात जेवढं होतं तेवढं मी दिलं. डावीकडच्या भिंतीआडून एक खांदा आला. पुरता खांदाही नव्हे, त्याची कड. ती मी दाखवली आणि तिनं बघितली. एक गेला. दुसरा पळत आला, तोही गेला.

हेडफोनमध्ये चौघींनी इतका आरडाओरडा केला की शालिकरामांनी दचकून विचारलं, “काऊन वं? काय झालं?”

“जिंकलो बाबा!”

आता पाऊस येऊन गेला, धानाची रोवणीही उरकली. ‘बोदलकसा’ पुढच्या फेरीत हरला, ते खरं. पण खुशबूची जागा आता कुणी हलवत नाही. माझ्या कोपऱ्यावरचं स्टिकर सुटून पडलंय. कडेला अंजनाबाईच्या बोटाचा हळदीचा डाग आहे, खेळातल्या माणसावर बोट ठेवून “हा मेला का वं?” विचारताना लागलेला. मुन्नालाल मला आता परत घेणार नाही, आणि यासारखं सुख नाही.

तुम्हाला एकच विनवणी. घरात काही नवं बांधून ठेवलं असेल तर त्याच्याकडे एकदा बघा. ते आत बसून हाका मारत असेल, आणि आम्हाला आवाज नसतो हे तुम्हाला सांगितलंच आहे. बरं, निघतो. खुशबू येऊन बसतेय, माझा पाय एका जागी ठरत नाही.

जाता जाता तेवढं राहिलं. त्या रविवारी सामना संपल्यावर अंजनाबाई स्टुलावर चढली आणि कपाटावरचा कपबशांचा सेट खाली उतरवला. पंचवीस वर्षांचा कागद सोडला, कप धुतले आणि सगळ्यांना त्यात चहा दिला. घाईघाईत शालिकरामांच्या हातून एक कप सुटला, त्याचा कान तुटला.

अंजनाबाईनं तुकडा उचलला, पदरानं पुसला आणि बाजूला ठेवला. “फुटला तं फुटला,” ती म्हणाली. “चाय तं पेलो.”