आठ दातांची छकुली

जनावर उघडून बघेपर्यंत मालकाचं काही ऐकायचं नाही, हा माझा नियम. जो तो आपलं निदान घेऊन येतो आणि मग माझे डोळेही तेच शोधायला लागतात. म्हणून त्या सकाळी मेलेल्या शेळीचा म्हातारा मालक "डॉक्टरबाई, जरा बाजूला येता का?" म्हणत मागे लागला, तेव्हा मी त्याच्या हातात फॉर्म दिला आणि त्याला बाकावर बसवलं.

पण शेडमागे गमबूट चढवताना त्याच्या सुनेने मला गाठलंच. एक पाय बुटात, एक हवेत. पळणार कुठे?

"छकुलीला मीच मारलं," ती म्हणाली. लग्नाला तीनच महिने झालेले. काल तिने कुंपणाची कण्हेर छाटून फांद्या छकुलीच्या खोपटात टाकल्या होत्या. कण्हेर विषारी असते हे संध्याकाळी कळलं. धावत गेली तर एकही फांदी उरली नव्हती, आणि आज उजाडताना छकुली गेली. "बाबांचा फार जीव होता हो तिच्यावर. पानं सापडली तर आधी मला खूण करा. त्यांना मीच सांगेन."

झाला माझ्या नियमाचा विचका. आता कण्हेरीशिवाय दुसरं काही सुचेना.

सिमेंटच्या ओट्यावर छकुलीला घेतलं. पोटाचा मोठा कप्पा उघडला आणि आतलं सगळं चाळणीत घालून नळाखाली धुतलं. कण्हेरीचं पान लांबट, जाड, चिवट, लपत नाही. गवत निघालं, शर्टाचं एक बटण निघालं. पान नाही. मी पुन्हा धुतलं. नाहीच. कण्हेर हृदयावर रक्ताचे ठिपके सोडते; हृदय अगदी स्वच्छ होतं. मूत्रपिंडं मात्र आक्रसून अक्रोडाएवढी झालेली. मग मी छकुलीचं तोंड उघडलं आणि एकटीच मोठ्याने हसले. खालच्या आठ दातांपैकी झिजलेले तीन खुंट शिल्लक होते.

बाहेर आले. म्हाताऱ्याने फॉर्मवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: वय, चार वर्षं.

"आजोबा, हिचे दात शेवटचे कधी पाहिलेत?"

"आठ झाले तेव्हा. आठ दात म्हणजे चार वर्षं. मला शिकवू नका."

"आणि त्यानंतर?"

"नववा दात येतच नाही. मग बघायचं काय?"

तेवढ्यात मागे सुनेशेजारी उभा असलेला त्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, दहावीला माझं प्रवेशपत्र हिनेच खाल्लं होतं. त्याला पंधरा वर्षं झाली!"

म्हातारा बोटं मोजत बसला. दोनदा मोजली.

"तुमची छकुली म्हातारी होऊन गेली," मी म्हटलं. "विष नाही, रोग नाही. मूत्रपिंडं थकली होती."

सुनेने मटकन बाकावर बसकण मारली. ती हसत होती की रडत होती, देव जाणे. आता तिने गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. पण पोरगी पक्की. "बाबा, तिच्या खोपटात मी कण्हेर टाकली होती," ती म्हणाली.

"माहितीये. मीच उचलून खड्ड्यात पुरली. तिने त्याआधी तोंड लावलं की नाही, तेवढं कळेना."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू आधीच सकाळपासून उपाशी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे मघाशी मला बाजूला बोलावत होता ते..."

म्हातारा ओशाळला. "पानं सापडली तर कागदावर दुसरं काहीतरी लिहा, एवढंच सांगायचं होतं."

"मी मुळीच लिहिलं नसतं," मी फणकारले. खरंच लिहिलं नसतं. पण त्या क्षणी मला तो म्हातारा इतका आवडला की मी घाईघाईने फॉर्म ओढला, चार खोडून पंधरा केलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: वार्धक्य.

"बाबा," सून डोळे पुसत म्हणाली, "मला भूक लागली."

म्हातारा ताडकन उठला. "डॉक्टरबाई, शिक्का मारा लवकर! पोरीला भूक लागलीय!"