ओळंब्याचे दोन गट्टू

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. तुम्ही मला पाहिलं असेल, पण नावानं ओळखत नसाल. पितळेचा एक जाडजूड भोवरा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या डोक्यातून दोरी निघते, आणि ती वर एका लाकडी गट्टूच्या मधल्या भोकातून ओवलेली असते. गवंडी तो गट्टू भिंतीच्या वरच्या विटेला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला अलगद शिवलो, तर भिंत सरळ. लांब लोंबकळलो किंवा तिच्यावर रेललो, तर काहीतरी चुकलं. एवढंच माझं काम. पण त्याला एक अट आहे. गट्टूची लांबी माझ्या पोटाच्या रुंदीएवढी हवी, केसभरही कमी नको की जास्त नको. ही अट लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातला सगळा घोळ तिच्यापायीच झाला.

मला एका कातारी कामाच्या दुकानात घडवलं. पितळ ओतलं, थंड केलं, मग तासण्यासाठी चरकावर चढवून असं काही फिरवलं की आठवलं तरी अजून गरगरतं. माझ्या जोडीला घट्ट काळ्या लाकडाचा गट्टू कापला, आणि आम्हा दोघांना एका गवंड्यानं विकत घेतलं. त्याला दोन मुलगे होते. दर सोमवारी कामाला सुरुवात करण्याआधी तो मला आणि गट्टूला एका सपाट फळीवर शेजारी शेजारी ठेवायचा, डोळा बारीक करून पाहायचा आणि मुलांना म्हणायचा, "भिंतीचं माप घेणाऱ्याचं माप आधी घ्यायचं, कळलं का रे?" मग डोकं झुकवून छोटीशी प्रार्थना, आणि मग पहिली वीट. बाप गेल्यावर मी थोरल्याकडे आलो. सोमवारची रीतही त्याच्याकडे आली.

मित्रांनो, थोरल्यासारखा माणूस मी पाहिला नाही. रविवारी प्रार्थनाघरात शास्त्रातलं जे ऐकायचा, ते तो सोमवारी विटांत घालायचा. एकदा एका मोठ्या घरात कपाटामागे जाणारी भिंत बांधायची होती. मालक म्हणाला, "अहो, ती कुणाला दिसणार आहे? उरका." थोरल्यानं तरीही मला सहा वेळा सोडलं. मालक हसला. थोरला म्हणाला, "तुमच्यासाठी नाही सोडत. ज्याच्यासाठी सोडतो, त्याला कपाटामागचंही दिसतं." कामावरच्या बिगाऱ्याचं जेवण राहिलं असेल तर आपला डबा अर्धा करायचा, आणि वर म्हणायचा, "माझं पोट बिघडलंय, तू खाऊन मला सोडव." ते पोट वर्षानुवर्षं बिघडलेलंच होतं.

धाकटा त्याच्या तालमीत तयार झाला. हात हलका, तोंड तिखट. दोघं भिंतीच्या दोन टोकांना उभे राहून दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढायचे, पण डबा एकाच फडक्यावर उघडायचा.

मग प्रार्थनाघराला लागून मुलांच्या वर्गासाठी एक खोली बांधायचं ठरलं. थोरल्याचे गुडघे बोलायला लागले होते. हे आपलं शेवटचं काम, असं त्यानं जाहीर केलं होतं. तीन भिंती त्यानं स्वतः उचलल्या. गुरुवारी दुपारी त्याची लेक डबा घेऊन आली. तिच्या कडेवर सहा महिन्यांची पिटुकली. पिटुकलीला दात येत होते आणि तिनं रडून आभाळ डोक्यावर घेतलं होतं. चमचा दिला, फेकला. किल्ली दिली, फेकली. शेवटी थोरल्यानं माझी दोरी सोडली, काळा गट्टू काढला आणि लेकीला म्हणाला, "जा, धुऊन दे तिला."

"बाबा, अहो, तुमचं काम?"

"कामाला दुसरा करीन. हिच्या हिरड्यांना असं दुसरं काय आणू?"

गट्टू तोंडात जाताच पिटुकली गप्प झाली. जगात एवढी चविष्ट वस्तू नसावी अशा समाधानानं ती त्याला चावत राहिली, आणि माझा जुना जोडीदार लाळेनं भिजून तिच्याबरोबर तिच्या घरी गेला.

थोरल्यानं कोपऱ्यातल्या मोडक्या झाडूचा दांडा घेतला, करवतीनं तुकडा कापला, मधोमध भोक पाडलं आणि माझी दोरी ओवली. फळीवर ठेवून पाहिलं नाही. तीस वर्षांत त्याचा डोळा कधी चुकला नव्हता, आणि सोमवार तर अजून चार दिवसांवर होता. तो नवा गट्टू आखूड होता, एखाद्या नखाच्या जाडीएवढाच. मला कळलं. पण मित्रांनो, ओळंब्याला वाचा नसते. शुक्रवारी थोरला गुडघे शेकत घरी बसला, आणि चौथी भिंत धाकट्यानं उचलली. त्यानं मला प्रत्येक थराला सोडलं आणि मी प्रत्येक थराला त्याला खोटं सांगितलं. नखाएवढी चूक थरागणिक वाढत गेली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सुतार दाराची चौकट बसवायला आला. त्यानं सरळपणा दाखवणारी पाण्याची पट्टी लावली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चौकट सरळ आहे हो, भिंतच बाहेर झुकलीये." वर्गणी काढणारी, पाणी आणणारी, बघायला जमलेली सगळी माणसं तिथंच होती. थोरल्यानं मला हातात धरून विचारलं, "ओळंबा लावला होतास?"

"प्रत्येक थराला लावला, दादा."

"माझ्या तीन भिंती सरळ, तुझी एक वाकडी. ओळंबा एकच. ओळंबा खोटं बोलत नाही. मग कोण बोलतंय?"

धाकट्यानं थापी पुसली, पिशवीत ठेवली आणि निघून गेला. त्या रविवारी तो प्रार्थनेला आला नाही. पुढच्याही आला नाही.

भिंत पाडायला थोरल्याचे गुडघे तयार नव्हते, आणि मन त्याहून नव्हतं. त्यानं खालच्या अंगाला दोन बोटं प्लास्टर चढवून ती सरळ दिसेल अशी केली. वर चुना मारला. सगळे म्हणाले, काय खोली झालीय! मला वर्गात खिळ्याला टांगलं. दर रविवारी सकाळी थोरला मुलांसमोर मला धरून सांगायचा, "बघा, देवाचं वचन असं असतं. ते शेजारी सोडलं की आपण किती कललोय ते कळतं." मुलं त्याला गवंडीआजोबा म्हणत आणि कौतुकानं माझ्याकडे पाहत. मी त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहत असे. एवढा मान मिळून इतकं अवघडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

असे आठ महिने गेले. पिटुकली पाळण्यातून उतरून चालायला लागली. शेजारणीला पाळणा द्यायचा म्हणून लेकीनं गादी झटकली, तर गादीखालच्या फळीच्या फटीतून काळा गट्टू टपकन पडला. रविवारी सकाळी तिनं तो वडिलांच्या हातावर ठेवला. "बाबा, तुमच्या नातीचा पहिला दागिना सापडला बघा. कड कशी कुरतडलीये!"

थोरला खूश झाला. वर्गात शिरताच त्यानं मला खिळ्यावरून काढलं, झाडूच्या दांड्याचा गट्टू सोडवला आणि दोन्ही गट्टू मेजावर शेजारी शेजारी ठेवले. "हा बघा दादा, आणि हा बघा भाऊ. एक जुना, एक नवा."

पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी वाकून म्हणाली, "आजोबा, भाऊ बुटका आहे."

"काहीतरीच. सारखेच आहेत."

"नाही हो, बघा ना. खालून बघा."

थोरला खाली वाकला. त्यानं डोळा बारीक केला, अगदी त्याच्या बापासारखा. मग त्यानं मला नव्या गट्टूत ओवलं आणि सुतारानं बसवलेल्या सरळ चौकटीशी सोडलं. मी चौकटीवर रेललो. मग जुन्या गट्टूत ओवून सोडलं. मी चौकटीला अलगद शिवलो, इतका अलगद की माझं मलाच बरं वाटलं. थोरला मुलांच्या छोट्या बाकावर बसला. त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते.

"आजोबा, गोष्ट?" मुलीनं विचारलं.

"गोष्ट अजून पुरी झालेली नाही, बाळा," तो म्हणाला.

घंटा झाली. त्या मंडळीत एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्यानं त्यानं आपल्या हातचं काहीतरी आणून पुढच्या मेजावर ठेवायचं आणि मग ते गरजूंकडे जायचं. कुणी पाव आणी, कुणी विणलेला मोजा. थोरल्यानं परसात वाढवलेला एक टणक कोबी आणला होता. तो कोबी मांडीवर आणि मी, दोन्ही गट्टूंसकट, सदऱ्याच्या खिशात. रांग पुढे सरकली. त्याची पाळी आली. दोन पावलं गेला आणि थांबला. गेल्याच महिन्यात त्यानं मुलांना सांगितलं होतं, भाऊ तुझ्यावर रुसलाय हे आठवलं, तर तुझी भेट देवाला घाईची नाही. आधी भावाकडे जा.

त्यानं कोबी बाकावर ठेवला आणि दाराकडे वळला.

"बाबा! अहो, कोबी पुढे ठेवायचाय," लेक कुजबुजली.

"कोबी थांबेल," तो म्हणाला. "मी आठ महिने थांबलोय, तेच फार झालं."

धाकट्याचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. थोरला तिथवर जाताना चारदा थांबला. तीनदा गुडघ्यांमुळे. चौथ्यांदा दारासमोर, आणि तेव्हा गुडघ्यांचा काही दोष नव्हता. धाकटा अंगणात फरशीची सांध भरत होता. त्यानं मान वर केली, खाली केली.

"गवंडी हवा असेल तर दुसरा बघा," तो म्हणाला. "माझ्या भिंती कलतात."

थोरल्यानं त्याच्या समोर फरशीवर दोन्ही गट्टू ठेवले. शेजारी मला ठेवलं. धाकट्याचा हात थांबला. गवंड्याला सांगावं लागत नाही, मित्रांनो. तो पाहत राहिला.

"हा कुठला?"

"झाडूच्या दांड्याचा. मी कापला."

"फळीवर ठेवून पाहिला नाहीस?"

"नाही."

"तू? तू नाही पाहिलास?"

"नाही पाहिला. डोळ्यावर भरवसा होता. आणि तू? तू पाहायचं होतंस ना."

"दादा, तू दिलेला ओळंबा मी तपासू?" धाकट्यानं मान वर केली. त्यानं थापी बाजूला टाकली. "आठ महिने मी रोज सकाळी उठून आधी हे हात बघतो. म्हटलं, हातच फिरले आपले. मोठी कामं घेणं सोडलं मी. फरश्या भरतो, चुली लिंपतो. तुला कळतंय का काय केलंस ते?"

"कळतंय," थोरला म्हणाला. त्यानं कुठलंही कारण पुढे केलं नाही. नातीचे दात नाहीत, गुडघे नाहीत, वय नाही. "तुला चारचौघांत खोटारडा म्हटलं. चारचौघांतच परत घ्यायचंय. ते अजून तिथं बसलेत. येतोस?"

धाकट्यानं काळा गट्टू उचलून बोटांत फिरवला. कडेवरच्या चार बारीक खाचांवर त्याचा अंगठा अडकला.

"हे काय?"

"तुझ्या पुतणीच्या लेकीचे दात."

"चालायलाही लागली असेल आता."

"धावते. कुणाचं ऐकत नाही."

"तुझ्यावर गेलीये," धाकटा म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

प्रार्थनाघरात शेवटचं गाणं चाललं होतं. ते संपेस्तोवर दोघं दाराशी थांबले. मग थोरला पुढे गेला आणि सगळ्यांसमोर मला उंच धरून म्हणाला, "मुलांच्या खोलीची चौथी भिंत माझ्या भावानं नीट बांधली. वाकडं माप मी दिलं होतं. खोटं मी बोललो, तो नाही. आणि ते मी चुन्याखाली झाकून ठेवलं." माझं आयुष्य मला उंच धरण्यात गेलंय, पण त्या दिवशी मी जेवढा सरळ लोंबलो, तेवढा कधीच नाही. लेकीनं डोळे पुसत कोबी त्याच्या हातात दिला. दोघा भावांनी मिळून तो मेजावर ठेवला. एका कोबीला चार हात, म्हणून मुलं खुदकन हसली.

"प्लास्टर किती चढवलंस?" परतताना धाकट्यानं विचारलं.

"खाली दोन बोटं."

"शी! बाबा असते तर तुला त्याच प्लास्टरात पुरलं असतं. उद्या पाडू."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. धाकट्यानं घण चालवला, थोरला खुर्चीवर बसून उणीदुणी काढत राहिला. पहिली वीट लावण्याआधी थोरल्यानं मला आणि काळ्या गट्टूला फळीवर ठेवलं, पाहिलं आणि भावाकडे दिलं. धाकट्यानं पुन्हा फळीवर ठेवलं, पुन्हा पाहिलं.

"मी पाहिलंय ना," थोरला म्हणाला.

"माहीत आहे. म्हणूनच पाहतोय."

"पाहा, पाहा," थोरला म्हणाला, आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

मित्रांनो, आता मी पुन्हा वर्गातल्या खिळ्यावर असतो. झाडूच्या दांड्याचा गट्टू थोरल्यानं आपल्या घराच्या किल्लीला बांधलाय. दार उघडताना रोज तो त्याच्या हाताला लागतो. माझ्या दोरीत काळा गट्टू आहे, दातांच्या चार खुणांसकट. तुम्हाला माझं एकच मागणं आहे. मला तेल लावू नका, घासूनपुसून चकचकीत करू नका. पण कुणाची भिंत कललीय असं वाटलं, तर मला तिच्याशी सोडण्याआधी तुमच्या हातातला गट्टू माझ्या शेजारी ठेवा आणि वाकून, खालून पाहा. आणि तो आखूड निघालाच, तर हातातला कोबी खाली ठेवा. तीन गल्ल्या काही फार लांब नसतात.