घरातली कवळी घरातच

पैज लागली ती न्हाव्याच्या खुर्चीत, आणि लागली ती एका म्हातारीवरून.

न्हाव्याला गल्लीत सगळे वस्तरा म्हणत, कारण त्याची जीभच जास्त कापायची. खुर्चीत साबण फासून बसला होता कुलूप्या. किल्ल्या बनवायचा धंदा आणि संशय घ्यायचा छंद. घराला कुलूप लावून चार पावलं गेला की परत येऊन ओढून बघणार, असला गडी.

"काय रे, तुझी आई दर मंगळवारी तीनला तोंडावर शाल ओढून जाते कुठं?" वस्तऱ्यानं काडी टाकली. "चार महिने झाले, म्हातारी कुणाशी शब्द बोललेली नाही."

"तिच्या बहिणीकडे जाते. आमच्या चुगल्या करायला. घरात मौन आणि तिकडं रेडिओ चालू!"

"छट्! डावा गाल बघ तिचा. दुखतंय तिला काहीतरी."

"नाटकं आहेत सगळी. लाव पैज!"

"लावली. हरलास तर रविवारी भर चौकात अर्धी मिशी उतरवणार, आणि का हरलास ते मोठ्यानं सांगायचं. मी हरलो तर माझी उतरव."

घरी आला तर बायको दारातच. "अहो, सासूबाई आज आरशात बघत होत्या. या वयात! आणि हे बघा, त्यांच्या शालीत सापडलं." तिनं मूठ उघडली. आत गुलाबी मेणाचा तुकडा.

कुलूप्यानं तुकडा हिसकावून घेतला. किल्ल्यावाल्याच्या घरात मेण सापडलं म्हणजे अर्थ एकच. कुणीतरी किल्लीचा ठसा घेतंय! त्यानं कपाटाची किल्ली गळ्यात बांधली. जेवताना आईकडे बघत राहिला. ती भिंतीकडे तोंड करून दुधातला पाव नुसता गिळत होती. 'बघ, नजर देत नाही,' त्यानं मनात नोंद केली.

मंगळवारी तीनला तो मांजराच्या पावलानं आईच्या मागे निघाला. बहिणीची गल्ली आली आणि गेली. आई वळली ती एका छत्रीच्या दुकानाशेजारच्या जिन्यात. हा वर जाऊन दाराला कान लावून उभा. आतून आईचा आवाज! चार महिन्यांनी!

"एकसष्ट... बासष्ट... त्रेसष्ट..."

'माल मोजताहेत!' कुलूप्यानं खांद्यानं दार ढकललं. "पकडलं!"

आत आई एका उंच खुर्चीत, तोंडात गुलाबी मेणात बसवलेले बत्तीसच्या बत्तीस दात. समोर पांढऱ्या कोटातल्या दातवाल्या बाई. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, सगळे याच्याकडे बघून हसल्यासारखे.

"ओरडू नका," बाई म्हणाल्या. "एकसष्ट-बासष्ट म्हणताना शीळ वाजते का ते तपासतेय. ही मेणाची कवळी आहे, पक्की अजून व्हायचीय. तुमच्या आईनं बदल्यात माझे कोट शिवून दिलेत." मग त्यांनी एक वाटी पुढे केली. "आणि ही कुणाची?"

वाटीत पिवळी पडलेली कवळी. कुलूप्यानं ओळखली. "बाबांची. ते गेल्यावर आईला दिली. आमच्यात असंच असतं हो. चष्मा, छत्री, कवळी, घरातलं घरातच. नवरा गेल्यावर बाईला नवे दात कशाला? कुणाला दाखवायचेत?"

बाई फळीकडे वळल्या. आईच्या हिरडीचा प्लास्टरचा साचा आणि ती कवळी त्याच्या हातात दिली. "बसवा बघू."

त्यानं बसवली. कवळी डुगडुगली. दाबली तर एका बाजूनं उचकटली.

"तुम्ही गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली देता?"

"काहीतरीच! लागणारच नाही. जबरदस्ती केली तर आतून कुलूपच..." आणि त्याची नजर आईच्या गालाकडे गेली.

बाईंनी आरशाच्या दांडीनं आईचा गाल बाजूला केला. आत नखाएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या. "बोललं की सोलतं, म्हणून बोलत नाहीत त्या. पंधरा दिवस तोंडात कुठलीच कवळी घालायची नाही. तरी भरली नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. कशासाठी, ते तुम्हाला कळतं."

कळलं. तरी तोंडातून जे निघायचं तेच निघालं. "पंधरा दिवस बोळकं घेऊन फिरणार? लोक म्हणतील, बापाचे दात फेकून दिले!"

आईनं मेणाची कवळी काढून बाईंच्या हातात ठेवली, आणि वाटी मुलासमोर धरली. बिनदातांचे शब्द, पण एकेक सुटा.

"बापाची एवढी आठवण येते ना? मग तू घाल. मी मेले तरी घालणार नाही."

कुलूप्यानं दोन्ही हात मागे घेतले. बाईंनी खण ओढला. आत अशाच अकरा कवळ्या. "सगळ्या पुरुषांच्या. विधवांच्या तोंडातून काढलेल्या. बायको गेल्यावर तिची कवळी घालून आलेला बाप्या मला आजवर भेटला नाही."

रविवारी चौकात खुर्ची मांडली. गल्ली लोटली. वस्तऱ्यानं अर्धी मिशी सफाचट केली. लोक हसून लोळायचे बाकी होते.

"आता कारण सांग!"

कुलूप्या पुटपुटला. गर्दीतून शालीशिवाय, उघड्या बोळक्यानं आई ओरडली, "मोठ्यानं बोल रे! मागच्यांना ऐकू जात नाही!"

"मी आईच्या तोंडात बाबांची कवळी कोंबली," तो ओरडला. "तिचं तोंड सोलत होतं, आणि मी तिला चोर समजत होतो. आता ती घालणार नाही. आमच्या घरात यापुढे कुणीच कुणाची घालणार नाही!"

हसू विरलं. लोक आपापल्या चपला बघायला लागले. कुणीच शेजारच्याकडे बघेना. दुकानाच्या उंबऱ्यात वस्तऱ्याची काकू उभी होती. काका गेल्यापासून नुसत्या मानेनं हो-नाही म्हणणारी. तिनं हळूच ओठ मिटून घेतले, आणि ते वस्तऱ्याला दिसलं.

"काकू," तो म्हणाला, "ती कुणाची गं?"

काकूनं मान खाली घातली.

वस्तऱ्यानं पातं पुसलं आणि कुलूप्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. मग स्वतः खुर्चीत बसला आणि पातं त्याच्या हातात दिलं.

"काप," तो म्हणाला. "मी तर पुरी मिशी हरलो."