सांधलेला खांब

भूकंपात इक्वाडोरमधल्या पोर्तोविएहो शहरातली निम्मी गल्ली जमीनदोस्त झाली, पण एलादियोचं घर उभं राहिलं. पडली ती फक्त मागच्या खोलीची भिंत. तिच्याखाली मार्जोरी सापडली, त्याची एकुलती एक पोर.

बायको नुबिया तेव्हा बाजारात होती. दफन उरकलं तशी ती डोंगराकडच्या बहिणीकडे निघून गेली. "त्या छपराखाली मी पाण्याचा घोटही घेणार नाही," म्हणाली.

एलादियोचा धंदाच तडे सांधण्याचा. पुलांचे, धक्क्यांचे खांब त्याने जोडले होते. नुबियाला परत आणायचं म्हणून त्याने घर हाती घेतलं. भिंत नव्याने बांधली. छत पेलणाऱ्या खांबालाही तडा गेला होता; त्यातली धूळ हवेच्या झोताने उडवली, वरून पुट्टी भरून तडा बंद केला आणि त्यात जागोजागी नळ्या बसवल्या. मग खालच्या नळीतून इपॉक्सी, म्हणजे सिमेंट सांधणारा चिकट द्रव, आत दाबायचं, वरच्या नळीतून डोकावलं की खालची बंद करून वर सरकायचं. घाई चालत नाही. त्याला घाई नव्हतीच.

काम झाल्यावर त्याने निरोप धाडला. नुबिया आली, पण दारातच थांबली.

"खांबाला हात लावून बघ," तो म्हणाला. "पहिल्यापेक्षा भक्कम झालाय. पुन्हा हादरा बसला तर तडकेल दुसरीकडे, इथं नाही."

"म्हणजे दुसरीकडे तडकेलच ना!"

मग ती आत आली आणि तिने विचारलं, "कुठं होती रे ती?"

त्याने जागा दाखवली. नुबिया तिथं फरशीवर आडवी झाली, गाल टेकवून. तोही शेजारी बसला.

निघताना ती म्हणाली, "तू चल ना माझ्याबरोबर. माझ्याच्यानं नाही रे राहवणार इथं."

"आणि पोरीला एकटीला टाकू?"

"ती इथं नाहीये, एलादियो."

"माझ्यासाठी इथंच आहे."

ती भांडली नाही. त्याची कॉलर नीट केली आणि बस पकडायला गेली.

आता दरवर्षी मृतांच्या दिवशी दोघं दफनभूमीत भेटतात. मिळून थडगं धुतात, फुलं वाहतात. ती त्याच्यासाठी कोर्विचे, म्हणजे किसलेल्या कच्च्या केळ्याचे मासा भरलेले तळलेले वडे, आणते. "वाळलास रे," म्हणते. तोही "तब्येतीला जप" म्हणतो. मग फाटकाशी दोघं दोन दिशांच्या बसमध्ये चढतात.